लेकीची पहिली गाडी म्हणून जुनी स्पोर्टी गाडी घ्यावी का? (नागपूर)

धंतोलीकर | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लेकीला पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होतील. इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष, कॉलेज हिंगण्याच्या बाजूला, घर धंतोलीत. तिला गाडी घेऊन द्यायची हे घरात पक्कं आहे. कोणती, यावरून रोज रात्री जेवताना वाद होतो. तिची आई म्हणते नवी छोटी हॅचबॅक हप्त्यावर घ्या. लेक गेली काही वर्षं गाड्यांबद्दल मिळेल ते वाचते आहे. तिला चालवल्यासारखं वाटणारी गाडी हवी, जिचं बॉनेट उघडून स्वतः काही करता येईल अशी.

बजेट सगळं मिळून पाच लाख. त्यातले साठेक हजार घेतल्या घेतल्या कामाला लागतील, हे धरून.

तिची यादी: फियाट पालिओ १.६, २००७ ची. जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक. फियाट लिनिया टी-जेट, २०११. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१४, एकाच मालकाची, साडेचार सांगतात. शिवाय सिव्हिल लाइन्समध्ये एका परिचितांकडे मर्सिडीज एसएलके उभी आहे, दोन सीटची, छप्पर दुमडून डिकीत जाणारी. आम्हाला ते बजेटात बसवून द्यायला तयार आहेत. लेकीचा जीव तिच्यातच अडकलाय.

नवशिक्या हातात जुनी, जोरकस गाडी देण्यात धोका नेमका कुठे आहे? ताकदीत, गाडीच्या वयात, की आणखी कशात? ज्यांनी अशा गाड्या वापरल्या आहेत त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

काळी_पालिओ | शुक्रवार, रात्री १०:१५

भाऊ, यादी वाचूनच मन भरून आलं. पोरीची आवड अस्सल आहे. माझ्याकडे २००२ ची पालिओ १.६ आहे, एमएच-३१ पासिंग, आजही रोज चालवून राहिलो. २००१ मध्ये ही गाडी आली तेव्हा सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करायचा. शंभर पीएसच्या (जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर) आसपास ताकद, ती पण हॅचबॅकमध्ये. त्या काळी एवढ्याशा गाडीत एवढं इंजिन कोणी देत नव्हतं. स्टीअरिंग असं की आपल्या सिमेंट रोडचा एकेक सांधा हाताला कळते.

माझं मत पालिओलाच. शहरात नऊ-दहाचं ॲव्हरेज पडते, तेवढं मनात धरून ठेवा.

रामदासपेठ_वकील | शुक्रवार, रात्री ११:०५

धंतोलीकर, गाडीच्या आधी तारखेचं बोलू या. पुढच्या महिन्यात अठरा, म्हणजे आज सतरा.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण रोखायचा प्रयत्न केला होता, हे सिद्ध करायची जबाबदारी पालकावरच असते. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं, त्याचा कारशी काही संबंध नाही.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे, आणि दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनीअर गेले. तुमच्या घरात असं काही नाही हे मला कळतं. तरीही गाडी आधी दारात आणि वाढदिवस नंतर, असं करू नका. किल्ली समोर टांगलेली असताना महिनाभर मन मारणं कोणत्याही पोराला जड जातं.

धंतोलीकर | शनिवार, सकाळी ७:२०

वकीलसाहेब, पटलं. गाडी आधी पसंत पडली तरी ताबा वाढदिवसानंतरच घेणार. लर्निंग लायसन्स त्याच आठवड्यात, मग पक्कं लायसन्स मिळेपर्यंत शेजारच्या सीटवर मी किंवा तिची आई.

हिंगणारोड_गॅरेज | शनिवार, सकाळी ९:५०

माझं गॅरेज आहे, यादीतल्या सगळ्या गाड्या हाताखालून गेल्या आहेत. जे बघितलं ते लिहितो.

पालिओ १.६: गाडी मजबूत, इंजिन गोड. अडचण स्पेअरची. फियाटने २०१९ मध्ये इथला पुंटो-लिनियाचा गाशा गुंडाळला. फियाटचं १.३ मल्टीजेट डिझेल मारुतीनेही वापरलं, म्हणून त्याचे पार्ट गल्लोगल्ली मिळतात. १.६ पेट्रोलचं तसं नाही. एखादा सेन्सर किंवा दरवाज्याचं रबर हवं असेल तर कुर्ल्याला नाहीतर दिल्लीच्या मायापुरीला माणूस शोधावा लागतो. ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे त्याला हे चालतं. रोज सकाळी कॉलेजला जायचं असेल तर गाडी पंधरा दिवस माझ्याकडे उभी राहील आणि पोरगी ऑटोने जाईल.

सिटी व्हीटेक: इंजिन म्हणजे सोनं. पण आज मिळणाऱ्या बहुतेक गाड्या कोणीतरी आधीच पिळून काढलेल्या असतात. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललाच नाही असं समजून पैसे धरा.

लिनिया टी-जेट: चालवायला राजा. टर्बोवाल्या गाडीला वेळेवर आणि योग्य ग्रेडचं ऑइल लागतं, आणि तिसऱ्या मालकापर्यंत पोचलेल्या गाडीला ते मिळालेलं नसतं. सकाळी थंड इंजिन चालू करताना मागे निळसर धूर दिसला तर तिथूनच परत फिरा.

पोलो जीटी टीएसआय: १.२ टर्बो, १०५ पीएस, गाडी झकास. तिचा डीएसजी, म्हणजे सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ड्राय क्लचवाला (ऑइलमध्ये न बुडलेल्या क्लचचा) आहे. बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) गर्दीत मे महिन्यात पाय ब्रेकवर ठेवून इंच-इंच सरकलात की तो क्लच तापतो. मेकॅट्रॉनिक युनिट (गिअरबॉक्स चालवणारा कॉम्प्युटर) गेलं तर खर्च लाखाच्या घरात. घ्यायचीच असेल तर गर्दीच्या रस्त्यावर, दुपारी, अर्धा तास चालवून बघा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना झटका, किंवा चढावर सोडताना थरथर, म्हणजे क्लच संपत आला.

एसएलकेबद्दल एवढंच की तिचं छप्पर हायड्रॉलिकवर चालतं, आणि सील गळायला लागले की काम दुसऱ्या शहरात न्यावं लागतं. पाच लाखांच्या बजेटात ती घेता येईल, सांभाळता येणार नाही.

जर्सीतला_नागपूरकर | शनिवार, दुपारी १२:३०

मी मूळचा त्रिमूर्तीनगरचा, सध्या न्यू जर्सीत. इथे हा विषय घरोघरी असतो, कारण मुलं सतराव्या वर्षी एकट्याने गाडी चालवायला लागतात, आणि पहिली गाडी म्हणून जुनी मस्टँग नाहीतर माझदा मियाटा हे निम्म्या मुलांचं स्वप्न असतं. माझ्या मुलाचंही होतं.

मियाटा १९८९ ची, पहिल्या पिढीत १.६ इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आत. आकड्यांवर अगदी सौम्य गाडी, ताकद तुमच्या पोलोपेक्षा फार जास्त नाही. तरी मी नाही म्हटलं, आणि त्याचं कारण धंतोलीकरांच्या प्रश्नाला धरून आहे.

इथली आयआयएचएस ही संस्था गाड्या आपटून तपासते आणि किशोरवयीन मुलांसाठी कोणती गाडी घ्यावी हेही सांगते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: फार ताकदीची नको, फार छोटी आणि हलकी नको, आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) हवाच. हा कंट्रोल अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून प्रत्येक कारला सक्तीचा आहे. जुन्या स्पोर्ट्स गाडीत बहुतेकदा नेमकं तेच नसतं, म्हणून ती नवशिक्याला नको.

एसएलके मागच्या चाकांवर चालणारी. वळणावर वेग जास्त झाला असं वाटलं की नवा ड्रायव्हर घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन काढतो. गाडीचं वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर जातं. मग तो स्टीअरिंग उलटं फिरवतो, जास्त फिरवतो, आणि गाडी दुसऱ्या बाजूला फिरते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या पोलो-पालिओत हाच पाय काढला तर बहुतेक वेळा नाक परत वळणात येतं. म्हणजे घाबरल्यावर माणूस जे आपोआप करतो तेच तिथे उपयोगी पडतं. माझ्या मते पहिली गाडी निवडताना हा फरक हॉर्सपॉवरपेक्षा मोठा आहे.

अजून एक. इथे एकवीसच्या आतल्या नव्या ड्रायव्हरच्या नंबरप्लेटवर लाल पट्टी लावावी लागते, रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत गाडी चालवता येत नाही, आणि घरचे सोबत नसतील तर एकच प्रवासी बसवता येतो. मित्र जितके जास्त, तितका अपघाताचा धोका वाढतो, म्हणून हा नियम. तिकडे असा कायदा नाही, पण घरात करायला कोण अडवतंय?

काळी_पालिओ | शनिवार, दुपारी २:००

जर्सीवाले भाऊ, मुद्दा चांगला मांडला. पण मग स्टॅबिलिटी कंट्रोल नसलेली कोणतीच गाडी घेऊ नये का? आपल्याकडे पाच लाखांत जे मिळते त्यात किती गाड्यांत ते आहे? गाडी कशी वागते हे जुन्या गाडीत शिकता येते. नव्या गाडीत सगळं कॉम्प्युटर करते, पोरांना काही कळतच नाही.

हिंगणारोड_गॅरेज | शनिवार, दुपारी ३:१०

पालिओ भाऊ, पोलो जीटी टीएसआयमध्ये ईएसपी, म्हणजे तोच स्टॅबिलिटी कंट्रोल, आहे. लोक ॲव्हरेज विचारतात आणि हे विसरतात. बाकी तुमचं म्हणणं बरोबर, पाच लाखांत ईएसपीवाल्या गाड्या फार नाहीत.

पण निदान एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि दोन एअरबॅग यावर तडजोड नको. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किमीने आपटल्या, पाचही शून्य स्टार. त्यात पोलोही होती, एअरबॅग नसलेली. तीच पोलो दोन एअरबॅग लावून पुन्हा आपटली तर मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार स्टार. एअरबॅगने एवढा फरक पडतो, आणि सांगाडा चांगला असल्याशिवाय एअरबॅगचाही उपयोग होत नाही, हे दोन्ही त्यात दिसतं. आपल्याकडे एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचं झालं, पुढच्या दोन्ही एअरबॅग त्यानंतर. त्याआधीची गाडी घेताना नाव एकच असलं तरी कोणतं व्हेरिएंट आहे ते बघा. स्वस्त व्हेरिएंटला मागून बिल्ला लावलेला असतो.

सदर_विमा | शनिवार, सायंकाळी ५:४५

खर्चाचा भाग कोणी मांडला नाही म्हणून लिहितो. थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता इंजिनच्या सीसीवर ठरतो. जून २०२२ पासूनचे दर: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० पर्यंत ३,४१६, आणि १५०० च्या वर ७,८९७. वर जीएसटी. म्हणजे १.६ ची पालिओ एकदम वरच्या गटात, आणि १.४ टर्बोची लिनिया तिच्यापेक्षा ताकदीची असूनही मधल्या गटात.

अमेरिकेत कोवळ्या ड्रायव्हरचा विमा बापाचं कंबरडं मोडतो. आपल्याकडे हप्त्यावर ड्रायव्हरच्या वयाचा तेवढा परिणाम नाही, म्हणून लोक या खर्चाकडे बघतच नाहीत. जुन्या गाडीची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) इतकी कमी असते की मोठा अपघात झाला तर हातात फार काही येत नाही. तरी पहिलं वर्ष कॉम्प्रिहेन्सिव्ह (आपल्या गाडीचं नुकसानही भरणारा विमा) घ्याच. नवशिक्याकडून ओरखडे येणारच, आणि ते स्वतःच्या खिशातून भरायला लागले की घरात भांडणं होतात.

आणि विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्या नावाचा. आरसी नावावर झाली की चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवा.

खामला_आई | शनिवार, रात्री ८:३०

माझा मुलगा एकवीसचा आहे, दोन वर्षं गाडी चालवतो. मला गाड्यांतलं कळत नाही, माणसांतलं कळतं, तेवढं लिहिते.

आमच्याकडे गाडी घेतली तेव्हा शोरूमच्या बाजूच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने "एकदम क्लीन, फर्स्ट ओनर" म्हणून दिली. वर्षभराने दुसऱ्या मेकॅनिकने डाव्या बाजूचा पुढचा भाग कापून जोडलेला दाखवला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पैसे द्यायच्या आधी आपला मेकॅनिक न्या, त्याचा नको.

मुलाला पहिले सहा महिने रात्री नऊनंतर गाडी नाही आणि मित्र एकच, असं आम्ही सांगितलं होतं. तो चिडला. त्याचे बाबा म्हणाले, गाडी आमच्या नावावर आहे, त्यामुळे नियमही आमचे. आज तो स्वतः धाकट्या बहिणीला तेच सांगतो. फुटाळा तलावावर रात्री मित्रांना भरून चक्कर मारायची इच्छा प्रत्येक पोराला होते. गाडी जोरकस असेल तर मागच्या सीटवरून कोणीतरी "दाबून बघ ना" म्हणणारच.

धंतोलीकर_धाकटी | रविवार, सकाळी ८:०५

नमस्कार काका, मावशी. मी लेक. बाबांनी काल रात्री धागा वाचायला दिला, मी सगळा वाचला, काही ठिकाणी दोनदा.

एसएलकेचं मला पटलं. मागच्या चाकांचं मला माहीत होतं, पण घाबरल्यावर आपण आपोआप काय करतो ही बाजू मी विचारात घेतली नव्हती. ती गाडी मला अजूनही आवडते, पण पहिली म्हणून नको.

पण मला खरंच मॅन्युअल गिअर हवा आहे. डीएसजी नको. गिअर कधी टाकायचा हे मला शिकायचं आहे. आणि गॅरेजवाले काका, माझ्यासाठी हे महत्त्वाचं आहे की गाडी बिघडली तर मी काहीतरी करू शकेन. एअर फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, एवढं तरी मी स्वतः करणार. यादीतल्या पालिओत एअरबॅग नाही म्हणून ती गेली. लिनिया टी-जेट मॅन्युअल आहे, एअरबॅग आहेत, पण टर्बो आणि स्पेअर. मग मॅन्युअल, एबीएस, दोन एअरबॅग, स्पेअर मिळणारे, आणि चालवायला मजा, असं काही उरतं का?

हिंगणारोड_गॅरेज | रविवार, सकाळी १०:२०

बेटा, उरतं. पोलो १.६ पेट्रोल.

पोलोत सुरुवातीच्या वर्षांत १.६ पेट्रोल मॅन्युअलही होती, १०५ पीएस. थोडीच वर्षं विकली, लोकांना महाग वाटली. टर्बो नाही, डीएसजी नाही. हेच इंजिन व्हेंटो पेट्रोलमध्ये पुढे कितीतरी वर्षं चाललं, म्हणून पार्टची काळजी नाही. जीटी टीएसआयएवढीच ताकद, पण सरळ वर चढत जाते, टर्बोसारखी मधेच ढकलत नाही. शिकणाऱ्या पायाला हे बरं. ईएसपी त्यात नाही, हे आधीच सांगतो. विम्याला १.६ म्हणजे वरचा गट, तेही धरा.

मिळायला कठीण आहे. २०११-१२ ची मिळाली तर नोंदणीची पंधरा वर्षं संपत आलेली किंवा संपलेली असणार. मग फिटनेस करून पाच वर्षांचं नूतनीकरण. पंधरा वर्षांनंतर कारच्या नूतनीकरणाची फी २०२२ पासून पाच हजार झाली आहे, वर पर्यावरण कर. दिल्लीसारखी इथे जुन्या गाड्यांवर बंदी नाही, त्यामुळे ती भीती नको.

बघायला जाशील तेव्हा माझ्याकडून एवढं लक्षात ठेव. विकणाऱ्याला आधी फोन करून सांग, गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून थंड आहे ना ते बघ, मगच स्टार्ट. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणीतरी बल्ब काढलाय, म्हणजे एअरबॅग एकदा फुटून गेलेली असू शकते. एबीएसच्या दिव्याचंही तेच.

चारही सीटबेल्ट पूर्ण ओढून मुळापर्यंत बघ. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा अंबाझरी लेआउटपासून बर्डीपर्यंत किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यातल्या बऱ्याच आज धुऊन-पुसून बाजारात आहेत. बाहेरून कळत नाही. बेल्टच्या तळाशी मातीची रेघ असते, सीटखालच्या बोल्टला गंज असतो, फ्यूजबॉक्समध्ये पांढरी-हिरवी भुकटी दिसते. कार्पेट उचलून हात घाल आणि वास घे.

टायरवर चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी सहा वर्षांच्या वरचा टायर काढायचा. आपल्या उन्हात रबर आधीच कडक होतं, त्यात समृद्धीवर १२० ने सलग चालवलं तर जुना टायर फुटतो.

नवतपा | रविवार, सकाळी ११:४०

उन्हाचा विषय निघालाच आहे. नागपुरात जुनी गाडी मे महिन्यात तपासावी, डिसेंबरात नाही. नवतप्यात पंचेचाळीसच्या वर पारा असतो, तेव्हा एसी फुल करून गाडी एका जागी वीस मिनिटं उभी ठेवा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. पंखा सुरू होऊन काटा परत खाली आला पाहिजे. रेडिएटरचे होज दाबून बघा, कडक झालेले किंवा भेगाळलेले असतील तर बदला.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं आणि २०११ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. लगेच काही होत नाही, पण इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या आणि गॅस्केट त्याने लवकर खराब होतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून गाडी महिना-महिना उभी ठेवू नका. नळ्या एकदा नव्या टाकून घेतल्या की बरं.

धंतोलीकर | पुढचा रविवार, सायंकाळी ६:१५

मंडळी, आज एक गाडी बघितली. २०११ ची पोलो १.६, एमएच-३२, वर्ध्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांची. दोन साठ सांगितले. राज्यातलीच असल्याने रोड टॅक्स पुन्हा नाही.

तपासणी लेकीने केली, मी बाजूला उभा राहिलो. बॉनेट थंड होतं. एअरबॅग आणि एबीएस, दोन्ही दिवे लागून विझले. बेल्ट ओढून झाल्यावर ती मागच्या सीटखाली मोबाइलचा टॉर्च घेऊन आडवी झाली. प्राध्यापकांच्या पत्नी आतून येऊन म्हणाल्या, "एवढं तर आम्ही घेताना पण बघितलं नव्हतं." बेल्ट स्वच्छ, बोल्ट कोरडे. मागचा डावा टायर २०१६ चा निघाला, बाकी तीन २०१९ चे. सर्व्हिसची सगळी बिलं एका फाइलमध्ये तारखेनुसार लावलेली.

चालवून मी बघितली. पुढून, डाव्या बाजूने, सिमेंट रोडच्या सांध्यावर "टक" असा आवाज येतो. तिसऱ्या गिअरमध्ये ओढते मस्त. मोकळ्या पट्ट्यावर साठच्या वेगाने जोरात ब्रेक दाबला, पेडल पायाखाली थरथरलं (म्हणजे एबीएस चालतंय) आणि गाडी सरळ थांबली. नोंदणीचं नूतनीकरण करावं लागणार, ती फी किमतीतून वजा करायला ते तयार आहेत.

टोकन दिलेलं नाही. गॅरेजवाले भाऊ, आवाज कशाचा असेल?

हिंगणारोड_गॅरेज | रविवार, सायंकाळी ७:००

पुढच्या सस्पेन्शनमधला लोअर आर्मचा बुश (रबरी तुकडा) नाहीतर स्टॅबिलायझर लिंक. दोन्ही मोठी कामं नाहीत, पण लिफ्टवर घेतल्याशिवाय पक्कं सांगणार नाही. त्यांना म्हणा, गाडी एक दिवस नागपूरला आणा, सबफ्रेम आणि ॲप्रन (बॉनेटखालचा सांगाडा) कुठे ठोकलाय का ते मी बघतो, टोकन त्यानंतर. टायर चारही एकदम बदला, १८५/६० आर १५. एक नवा तीन जुने असं नको, पावसात एबीएसलाही त्याचा त्रास होतो.

रामदासपेठ_वकील | रविवार, सायंकाळी ७:३०

मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. वर्ध्याची आहे तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत, फॉर्म २८) लागते का ते आरटीओत विचारून घ्या. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आधी. चलानं थकलेली आहेत का ते परिवहनच्या साइटवर बघा. तुमच्या नावावर होईपर्यंत कोणालाही चालवायला देऊ नका.

काळी_पालिओ | रविवार, रात्री ९:१०

पोलो १.६ म्हणजे जबरदस्त निवड, भाऊ. पोरीला सांगा, लायसन्स पक्कं झालं की पालिओ घेऊन येतो. कोराडीच्या मागच्या रस्त्याला मी बाजूला बसतो, तिने चालवून बघावी. पालिओ कधी विकायला काढलीच तर पहिला फोन तिलाच.

धंतोलीकर_धाकटी | रविवार, रात्री ९:४५

काका, नक्की! आणि गॅरेजवाले काका, बुश बदलताना मी येऊन बघू शकते का? कॉलेज दुपारी तीनला सुटतं.

हिंगणारोड_गॅरेज | रविवार, रात्री ९:५५

ये. जुने कपडे घालून ये आणि बांगड्या-अंगठ्या घरी ठेव. एका बाजूचा बुश मी काढतो, दुसऱ्या बाजूचा तू.